पाचट सात दिवसांत कुजत नाही, आणि गूळ वाढवून तर नाहीच

ऊसतोड संपत आली की ग्रुपवर हा मेसेज फिरू लागतो: "२०० लिटर पाणी, २ किलो गूळ, एक बाटली बुरशी. पाचटावर फवारा, सात दिवसांत माती. गूळ जितका जास्त, तितकं काम लवकर. युरियाची गरज नाही." पाचट जाळू नका, हे त्यातलं म्हणणं मला मनापासून पटतं. म्हणूनच बाकीचं खोडून काढावंसं वाटतं. आठव्या दिवशी पाचट तसंच दिसलं की वैतागून काडी ओढली जाते.

आधी सात दिवसांचं बघू. पाचटाचं एक पान हातात घ्या. कडेवरून बोट फिरवलं तर चिरतं, पाणी टाकलं तर ओघळून जातं. आतलं सेल्युलोज म्हणजे ग्लुकोजच्या लांब माळा. ज्वारीच्या पिठातल्या स्टार्चमध्येही ग्लुकोजच असतं, पण जोडणी वेगळी. सेल्युलोजच्या माळा सरळ राहतात आणि एकमेकींना इतक्या घट्ट बिलगतात की पाण्यालाही आत शिरणं अवघड जातं. बुरशीला तोंड नसतं, ती एन्झाइम, म्हणजे अन्न फोडणारी प्रथिनं, बाहेर सोडते. एक एन्झाइम माळ मधूनच तोडतं, दुसरं तुटल्या टोकापासून ग्लुकोजच्या जोड्या सोडवत जातं, तिसरं जोडी फोडतं. तांबं बाळगणारं आणखी एक असतं, ते घट्ट पृष्ठभागालाच चिरा पाडतं. त्याचं काम २०१०च्या सुमारास उलगडलं. हे सगळं ओलीत चालतं. सरीत ओल टिकली तरी तीन-चार महिने धरा.

आता गूळ, कारण सगळ्यात मोठी चूक इथे आहे. बाटलीतली बुरशी पिंपात वाढवायला थोडा गूळ लागतो, ते ठीक. पण सेल्युलोज तोडणारी एन्झाइम बनवणं बुरशीला महागात पडतं. आयतं ग्लुकोज समोर असेल तर ट्रायकोडर्मा (पाचट कुजवायला वापरतात ती बुरशी) त्या एन्झाइमची जनुकंच दाबून ठेवतो. पाचटावर गुळाचं पाणी ओतलं की तो आधी गूळ खातो, पाचटाकडे बघत नाही. दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवर अमेरिकी सैन्याच्या तंबूंचं सुती कापड कुजत होतं. त्यातून वेगळी केलेली 'ट्रायकोडर्मा रीसी' आज जगभर सेल्युलेज, म्हणजे सेल्युलोज तोडणारी एन्झाइम, बनवायला वापरतात. त्या तंबूंवर कुणी गूळ शिंपडला नव्हता.

युरियाची गरज नाही? पाचटात नत्राच्या शंभरेक पट कर्ब असतो, आणि एन्झाइम म्हणजे प्रथिनं. नत्राशिवाय ती बनणार कशी? बुरशी मग जमिनीतला नत्र ओढते आणि खोडवा, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून फुटलेलं पीक, पिवळा पडतो. टनामागे ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो संवर्धक (कुजवणाऱ्या जिवाणू-बुरशांचं विरजण) ही शिफारस त्यासाठीच आहे.

आणि "माती"? पाचटाला कडकपणा देणारं लिग्निन हे सेल्युलोजसारखं पॉलिसॅकराइड, म्हणजे साखरेची माळ, नाहीच. ते फोडणं ट्रायकोडर्माला फारसं जमत नाही, त्याला पांढरी कुज आणणाऱ्या बुरशा लागतात. म्हणून दोनेक महिन्यांनी सरीतलं पाचट उचलून बघाल तर खालच्या अंगाला पांढरे तंतू दिसतील, पातं ओल्या कागदासारखं फाटेल, पण मधली शीर हाताला कडकच लागेल. काम बिघडलेलं नाही, ते चालू आहे. तेवढं पाणी मोडू देऊ नका.