तीस रुपये प्राप्त झाले

अर्धा लिटर दूध, तीस रुपये. स्कॅन केलं, हिरवी टिकली आली, डेअरीवाल्याला दाखवली. पैसे आले की बोलणारा काउंटरवरचा डबा मात्र गप्प.

"आवाज नाही आला, साहेब."

बारा वर्षं याच्याकडून दूध नेतोय. मागे चुकून जास्त आलेली पन्नासची नोट मी भर पावसात परत नेऊन दिली होती. तेव्हा कुठला डबा "सज्जन गृहस्थ प्राप्त झाले" असं ओरडल्याचं स्मरत नाही.

शेजारी कानटोपीतले एक काका होते. ते माझ्या मदतीला धावले आणि घात झाला.

"अरे, चेहऱ्यावरून तसे वाटत नाहीत हे."

"तसे म्हणजे?"

"तसेच हो. बनावट ॲप निघालीत, हुबेहूब टिकली दाखवतात. आणि ती वापरणारे चेहऱ्यावरून कधीच तसे वाटत नाहीत." मग डेअरीवाल्याला हळूच, म्हणजे रांगेतल्या पाचव्या माणसाला नीट ऐकू जाईल इतपत: "जाऊ दे रे. असेल घरी काही अडचण. तीस रुपयांसाठी माणसाला लाजवू नये."

"मी काय चोर आहे का?" मी ओरडलो. तोवर चोर हा शब्द तिथे कुणी काढलाच नव्हता. तो मीच घरून आणल्यासारखा काउंटरवर ठेवला.

मग मी रांगेला समजावलं, की डब्यात वेगळं सिमकार्ड असतं, त्याची रेंज गेली की डबा मुका होतो, पैसे मात्र खात्यात पोचलेले असतात. एवढी माहिती असलेला माणूस रांगेला जास्तच संशयास्पद वाटला.

आमचे वडील किराणावाल्याला नुसतं "लिहून ठेव" म्हणायचे. दोन-दोन महिने उधारी, तरी आळीत अब्रूदार. २०१६ला यूपीआय आलं, नोटाबंदीही आली, आणि मी रोख नसलेला रोखठोक माणूस झालो. जागच्या जागी पैसे देतो आणि साक्षीला एक डबा लागतो!

तेवढ्यात डबा बोलला. "तीस रुपये प्राप्त झाले."

मी विजयी मुद्रेनं रांगेकडे वळलो.

"ते माझे," काका फोन खिशात ठेवत म्हणाले.

पाकिटाच्या चोरकप्प्यातून दहाच्या तीन चुरगळलेल्या नोटा काढून दिल्या. कप्प्याला तेच नाव असावं, हेही नशीबच.

आज सकाळी काका पुन्हा भेटले. खांद्यावर हात ठेवून, फार मायेनं म्हणाले, "आज सुटे आणलेत ना?"

आणले होते.