पेंग्विनचा गट कोणता?

स्वतःच्या हातांनी घडवलेली भेट उघडल्यावर समोरच्या माणसाने निदान खोटे तरी ‘वा!’ म्हणावे, एवढी अपेक्षा अंटार्क्टिकावरील संशोधन केंद्रातही अवाजवी नसावी. परवाच्या मिडविंटरच्या मेजवानीत चिठ्ठीने माझ्या वाट्याला आलेल्या गृहस्थांनी मात्र माझा लाकडी पेंग्विन उलटासुलटा करून पाहिला, त्याच्या पोटावर टिचकी मारली आणि गंभीर चेहऱ्याने विचारले, “याचे पंख सुटे होतात का?”

२१ जूनच्या सुमारास, म्हणजे इथल्या हिवाळ्याच्या मध्यावर येणारा मिडविंटर हा या खंडावरचा सर्वांत मोठा सण. केंद्रे एकमेकांना शुभेच्छाचित्रे पाठवतात, स्वयंपाकी राखून ठेवलेले जिन्नस बाहेर काढतो आणि दुकान नावाची गोष्टच नसल्यामुळे भेटी हाताने बनवाव्या लागतात. १९११ साली ब्रिटिश संशोधक रॉबर्ट स्कॉटच्या दक्षिण ध्रुव मोहिमेतील बॉवर्स यांनी काठ्या आणि पिसे वापरून याच सणासाठी एक झाड उभे केले होते. त्या झाडाचा कचरा कोणत्या गटात मोडतो, असे त्यांना कोणी विचारल्याचे माझ्या तरी वाचनात नाही.

आमचे गृहस्थ मुळात जनित्र सांभाळणारे तंत्रज्ञ. हिवाळ्यात माणसे मोजकी असल्याने प्रत्येकावर एखादे जादा काम येते; त्यांच्यावर कचऱ्याचे आले आणि त्यांना जीवनाचे प्रयोजन सापडले. १९९१ साली माद्रिदमध्ये सह्या झालेला आणि १९९८ पासून अमलात आलेला पर्यावरणविषयक करार, विशेषतः कचऱ्याचे पाच गट पाडणारे त्याचे तिसरे परिशिष्ट, ते पाढ्यांसारखे म्हणून दाखवतात.

“लाकूड तिसऱ्या गटात, म्हणजे जाळायच्या घन पदार्थांत. पत्रा चौथ्यात. तुम्ही दोन्ही एकमेकांना चिकटवलेत.”

“अहो, पण हा कचरा नाही. ही भेट आहे.”

“आज आहे,” ते म्हणाले. “डोळे कशाचे?”

“जुन्या विजेच्या तारेचे.”

“म्हणजे वर प्लास्टिक, आत तांबे.” त्यांनी हातातला काटा खाली ठेवला. “आणि खोक्यात थर्माकोलचे दाणे नव्हते ना? ते या खंडावर आणायलाच बंदी आहे.”

दाणे नव्हते, खोक्यात माझा जुना मोजा होता, आणि त्याचाही गट त्यांनी मनातल्या मनात ठरवला असावा. एव्हाना आख्खे टेबल ऐकत होते. वातावरण हलके करावे म्हणून मी विचारले, “निदान पाचव्या गटात तरी नाही ना?” पाचवा गट किरणोत्सारी पदार्थांचा आहे. त्यावर हसण्याऐवजी त्यांनी पेंग्विनकडे पुन्हा एकदा निरखून पाहिले.

नियम चुकीचा आहे, असे माझे मुळीच म्हणणे नाही. पूर्वी इथला कचरा उघड्यावर जाळला जाई किंवा समुद्रात लोटला जाई, आणि ते थांबले हे उत्तमच झाले. परंतु ज्या जनित्राची हे गृहस्थ मायेने देखभाल करतात ते रात्रंदिवस डिझेल पिते, प्यायच्या पाण्यासाठी बर्फ वितळवायलाही इंधनच लागते, आमच्यातला प्रत्येक माणूस विमानाचा किंवा जहाजाचा धूर मागे सोडत इथवर आलेला आहे, आणि या सगळ्या व्यवहारात प्रदूषण म्हणून नजरेत भरावेत ते माझ्या पेंग्विनचे दोन पंख!

बरे, इथे रागावून निघून जाण्याचीही सोय नाही. दार आपटायचे तर आधी थंडीचे सगळे कपडे चढवावे लागतात, बाहेर कुठे आणि किती वेळ जातो आहोत याची फळ्यावर नोंद करावी लागते, आणि तेवढ्या वेळात संताप निवून जातो. टेबल बदलावे, तर माणसे तीच. पहिले विमान येईपर्यंत हेच चेहरे, हीच भांडी घासण्याची पाळी आणि त्या पाळ्यांचा तक्ता करणारेही हेच गृहस्थ.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते पक्कड आणि नोंदवही घेऊन माझ्याकडे आले. पेंग्विन त्यांना मनापासून आवडला असून तो कायम जवळ ठेवणार असल्याचे त्यांनी सांगितले. फक्त पुढे घोळ नको म्हणून सुट्या भागांची नोंद आताच करून ठेवलेली बरी. वहीत लाकूड, पत्रा, तार अशा ओळी होत्या, प्रत्येकीपुढे ग्रॅममध्ये वजन होते आणि शेवटच्या रकान्याला मथळा होता, ‘कचरा निर्माण करणारा’. तिथे माझे नाव त्यांनी सुवाच्य अक्षरात आधीच लिहिलेले होते. मी मुकाट्याने सही केली, कारण पुढच्या आठवड्याचा भांडी घासण्याचा तक्ता अजून लागायचा होता.