किती वॅटचा देऊ?

फोटोग्राफीचे दिवे घ्यायला गेलं की दुकानदार पहिला प्रश्न टाकतो, ‘किती वॅटचा देऊ?’ जणू विहिरीवरचा पंप घ्यायला आलोय. गिऱ्हाईकही ऐटीत आकडा सांगतं. तो दिवा गुहागरच्या किनाऱ्यावर कसल्या वाऱ्यात उभा राहणार, हे दोघांपैकी कोणी विचारत नाही. माझं मत विचाराल, तर कोकणात पैसे आधी दिव्याच्या खाली (स्टँड, वजन) आणि पुढे (उजेड मऊ करणारं कापड) घालावेत. उरले तर दिव्यात.

पहिला घोळ आकड्याचाच. एलईडीवर २०० लिहिलेलं असतं ते वॅट. फ्लॅशवर २०० असतं ते वॅट-सेकंद, म्हणजे ज्यूल. शटर १/२०० सेकंद उघडलं तर त्या क्षणात एलईडीने खर्ची घातली जेमतेम १ ज्यूल वीज. फ्लॅशने मात्र आपले २०० ज्यूल तेवढ्यात ओतून टाकले. एलईडी वीज जास्त काटकसरीने वापरतो हे खरं, पण एवढी दरी काटकसरीने भरत नाही. दुपारच्या किनाऱ्यावर एलईडी लावलाय हे फोटोत कळत नाही, बॅटरी संपल्यावर कळतं. घरात, व्हिडिओला, बाटल्यांच्या फोटोंना तो उत्तम. घेताना सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचे शंभरपैकी गुण) ९५ च्या वर बघावा, नाहीतर हापूस आंबटढाण दिसतो.

आता ऊन. लग्नाचा मुहूर्त साडेबाराचा निघतो आणि फोटो लगेच समुद्रावर हवे असतात. अशा उन्हात आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती हळवा, ते) १००, शटर १/२०० धरलं तर लेन्सचं छिद्र एफ ११ च्या आसपास येतं. शटर याहून फारसं वाढवता येत नाही, कारण बहुतेक कॅमेऱ्यांची सिंक-मर्यादा, म्हणजे फ्लॅशशी जुळवून घेणारा शटरचा वेग, १/२०० ते १/२५० ला संपते. पुढे गेलं की फोटोत काळा पट्टा. त्याहून वेगवान शटर चालवून घेणारं हाय-स्पीड सिंक लावावं तर फ्लॅशचे दोनेक स्टॉप गेलेच (एक स्टॉप गेला की उजेड निम्मा). म्हणून लोक ६०० ज्यूलवर उडी मारतात. त्याआधी दिवा जवळ आणून बघावा. दोन मीटरवरचा दिवा एक मीटरवर आणला की उजेड चौपट होतो. २०० ज्यूलचा दिवा ८०० चं काम करतो आणि बिलात एक पैसा वाढत नाही. फक्त नवरा-नवरीपुरतंच हे जमतं. आत्ये, मामा, मामी आणि मुंबईहून आलेली वीस माणसं असली, तर एक मीटरवर ठेवलेला दिवा फोटोत मानाचा पाहुणा म्हणून येणार. त्यांना सरळ माडांच्या सावलीत न्यावं.

संध्याकाळी उलटा न्याय. आपला किनारा पश्चिमेला तोंड करून बसलाय, आणि प्रत्येकाला सूर्य समुद्रात बुडताना पाठीशी हवा. म्हणजे चेहरे काळे. पण तेव्हा उजेड एवढा उतरलेला असतो की कॅमेऱ्यावर बसणारा साठ-सत्तर ज्यूलचा छोटा फ्लॅशही पुरतो. त्यावर नारिंगी जेल, म्हणजे रंगीत पारदर्शक कागद, लावायची मात्र विसरू नये. फ्लॅशचा प्रकाश ५६०० केल्विनच्या आसपास (हे उजेडाच्या रंगाचं माप; आकडा मोठा तसा उजेड निळसर). नुसता मारला तर मागे केशरी आभाळ आणि पुढे फिकट, निळसर माणसं. अर्धी सीटीओ, म्हणजे त्या नारिंगी जेलची अर्ध्या ताकदीची जात, बहुतेक वेळा पुरते.

खरा खलनायक वारा. १२० सेंटिमीटरचा ऑक्टा (उजेड मऊ करायला दिव्यापुढे लावायचा अष्टकोनी कापडी सॉफ्टबॉक्स) म्हणजे साधारण एक चौरस मीटर कापड. ताशी तीसेक किलोमीटरचा वारा त्याला पाच किलोच्या वजनाएवढा रेटा देतो, तोही दोन मीटर उंचीवर. स्टँडचे पाय मध्यापासून अर्धा मीटर पसरलेले धरले, तर खाली वीस किलो तरी हवेत, आणि एक पाय वारा जिकडे जातो त्या दिशेला. दुकानात मिळणारी पाच किलोची वाळूपिशवी इथे सत्यनारायणाच्या प्रसादाएवढीच. आपल्याकडे जांभ्याच्या चिऱ्याला तोटा नाही. अर्धा-पाऊण चिरा गोणीत घालून सुंभाने मधल्या दांड्याला बांधावा, असा की गोणी जमिनीला टेकेल. लोंबकळत ठेवली तर वाऱ्यात झुलून तीच स्टँडला ओढते. पुळणीत पाय रुततात, म्हणून प्रत्येक पायाखाली फळीचा तुकडा. ऑक्टाऐवजी दिव्याला लावायची छत्री असली तर हे सगळं करूनही ती उलटतेच, आणि मालवणात एखादी म्हातारी विचारतेच, ‘अरे मेल्या, छत्री उलटी कित्याक धरलंस?’ मोठ्या वाऱ्यात ६० सेंटिमीटरचा सॉफ्टबॉक्स मोनोपॉडवर (एकपायी दांड्यावर) लावून एखाद्या धट्ट्याकट्ट्या भाच्याच्या हाती द्यावा. वाऱ्यात रेलायचं त्याला न सांगता समजतं. चहा-भजी वेगळी.

सुपारीच्या वाडीत वारा नाही, पण सगळा उजेड पानांतून गाळून हिरवा येतो आणि नवरीची हळद शेवाळी दिसते. तिथे फ्लॅशच मुख्य ठेवावा.

जुन्या घरात वेगळीच पंचाईत. ‘फ्लॅश छतावर मारा, मऊ उजेड येतो’ हा सल्ला पांढऱ्या स्लॅबवाल्यांचा. आपल्या माजघरात वर काळपट वासे आणि कौलं. मारलेला उजेड वरच राहतो. इथे आजोबांचं धोतर कामाला येतं. दोन खांबांना ताणून बांधावं, मागून फ्लॅश मारावा. एक-दोन स्टॉप जातात, पण दीड मीटर रुंदीचा झकास मऊ उजेड मिळतो. धोतर नीळ किंवा पांढरेपणाची पावडर न लावलेलं बघावं. त्या पावडरीतली द्रव्यं फ्लॅशमधल्या अतिनील किरणांनी चमकतात आणि उजेडात निळी झाक येते. आजोबांची परवानगी फ्लॅशच्या आधी.

वीज गेली तर इन्व्हर्टर आहे म्हणून निर्धास्त राहू नये. स्क्वेअर वेव्हचा इन्व्हर्टर स्टुडिओ फ्लॅशला मानवत नाही, शुद्ध साइन वेव्हचा लागतो. त्यापेक्षा बॅटरीवरचा फ्लॅश बरा. माउंट, म्हणजे सॉफ्टबॉक्स अडकवायची जोडणी, बोवेन्स एस घ्यावा. मूळ बोवेन्स कंपनी २०१७ मध्ये बंद झाली, तरी तिच्या मापाचे सॉफ्टबॉक्स गल्लोगल्ली मिळतात.

राहता राहिली खारी हवा. पंखा असलेला एलईडी वाऱ्याबरोबर बारीक वाळूही ओढून घेतो. वीज जोडणारी पितळी टोकं हिरवी पडतात आणि फ्लॅश नेमका अंतरपाट खाली येताना गप्प बसतो. घरी आल्यावर गोड्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने दिव्याचं अंग पुसून कोरडं करावं, टोकांना आयसोप्रोपिल अल्कोहोल, सेल काढून वेगळे. यापुढे जाऊन फ्लॅश उघडू मात्र नये. त्यातला कॅपॅसिटर बॅटरी काढल्यावरही शेकडो व्होल्ट धरून बसलेला असतो. ‘दे इकडे, बघतो जरा’ म्हणणारे एक भाऊजी प्रत्येक घरात असतात. त्यांना चहा द्यावा, स्क्रूड्रायव्हर देऊ नये.