‘टाका मार अन् चालव’ : एका फिरत्या मेसेजला उत्तर

आमच्याकडच्या गावोगावच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतो आहे. थोडक्यात असा: ‘गिअरच्या सायकलीच्या नादी लागू नका. अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम आपल्या उन्हात मऊ पडते अन् तुटते, लोखंडी कधीच तुटत नाही. लाइफटाइम वॉरंटी म्हणजे धूळफेक, खेड्यातल्या माणसाला कंपनी काही देत नाही, भांडायला मुंबईला जावं लागते. तुटलीच तर वेल्डिंगवाल्याकडून दोनशे रुपयांत टाका मारून घ्या, पहिल्यापेक्षा मजबूत होते. नाहीतर ऑनलाइन दुसरी फ्रेम मागवा, सगळ्या सारख्याच असतात.’ खाली हात जोडलेले आणि ‘पुढे पाठवा’.

यात एखाददुसरी गोष्ट अर्धी खरी आहे, म्हणूनच तो इतका फिरतो. पण तो ऐकून माणूस तुटलेली फ्रेम घेऊन आधी वेल्डिंगवाल्याकडे जातो आणि मग वॉरंटीची आठवण काढतो. नुकसान तिथेच होतं.

उन्हाचं आधी उरकून घेऊ. गिअरच्या सायकलींच्या अ‍ॅल्युमिनियम फ्रेममध्ये बहुतेक वेळा ६०६१ हा मिश्रधातू असतो. कारखान्यात वेल्डिंग झाल्यावर फ्रेम सुमारे ५३० अंश सेल्सिअसला तापवून झटकन थंड करतात, नंतर १६० ते १८० अंशांवर कित्येक तास ठेवतात. तिची ताकद या दुसऱ्या भट्टीतून येते. चंद्रपूरचा पारा ४७ वर गेला आणि काळी फ्रेम हाताला चटका देईल इतकी तापली, तरी त्या भट्टीच्या ती जवळपासही जात नाही. आपल्या उन्हानं टायर तडकतात, ट्यूबवरची ठिगळं सुटतात, हँडलच्या मुठी चिकट होतात. फ्रेमचा यात काही संबंध नाही.

‘लोखंडी कधीच तुटत नाही’ असं लिहिणाऱ्यानं दूधवाल्याची सायकल कधी उलटी करून पाहिलेली दिसत नाही. आता यातलं खरं तेवढं मान्य करू. पोलादावर पडणारा ताण एका मर्यादेच्या खाली राहिला, तर तो कितीही वेळा पडला तरी तडा जात नाही. अ‍ॅल्युमिनियमला अशी मर्यादा नसते, लहानसहान ताणही साठत जातो. म्हणून त्याच्या नळ्या जाड घेराच्या करतात, म्हणजे ताण मुळातच कमी पडतो. पण मागे ढेपेचं पोतं, पुढच्या दांडीवर पोरगं आणि खाली पांदण रस्ता असला तर पोलादाची मर्यादाही ओलांडली जाते. गावात फ्रेम कुठे तुटते ते बघा. हँडलच्या खालच्या जोडावर, मागच्या चिमट्यावर, आणि सगळ्यात जास्त सीटच्या नळीच्या वरच्या टोकाला. पोरगं उंच होतं, बाप सीट वर काढतो, आणखी वर काढतो. सीटच्या दांड्यावर एक आडवी खूण असते, ती नळीच्या बाहेर दिसता कामा नये. ती दिसायला लागली की सगळं वजन नळीच्या तोंडाशी कडेवर येतं आणि तिथं तडा जातो, फ्रेम कोणत्याही धातूची असो.

शिवाय आपल्याकडे ‘गिअरची’ म्हणून विकली जाणारी पुष्कळशी स्वस्त सायकल लोखंडीच असते. जुन्या स्पीकरमधलं चुंबक लावून पाहा. चिकटलं तर पोलाद. कोणाचंही ऐकून काही करण्याआधी एवढं एक करून घ्यावं, कारण पुढचं सगळं यावर ठरतं.

आणि खरंच फ्रेमच तुटली आहे का, हेही बघा. कापूस निघाल्यावर शेतातून जाताना पऱ्हाटीचं खुंट मागच्या गिअरमध्ये अडकतं, कट्कन आवाज होतो आणि गिअर लोंबायला लागतो. ‘फ्रेम गेली बावा’ म्हणून माणूस डोक्याला हात लावतो. चांगल्या फ्रेमवर तो गिअर एका छोट्या, स्क्रूनं बसवलेल्या पट्टीला लटकवलेला असतो. तिला हँगर म्हणतात. ती मुद्दाम नरम धातूची करतात, म्हणजे धक्का बसला तर ती मोडावी आणि फ्रेम वाचावी. हँगर बदलून मिळतो. प्रत्येक मॉडेलचा आकार वेगळा असतो, म्हणून तुटलेला तुकडा जपून दुकानात न्यायचा. हँगरला टाका मारून घेणाऱ्यांनी फ्रेमलाच उष्णता दिलेली असते, आणि पुढच्या वेळी खुंट अडकलं की हँगर मोडत नाही, त्याच्या मागचा फ्रेमचा भाग मोडतो.

आता टाक्याबद्दल. लोखंडी फ्रेम असेल तर गावातला गॅस वेल्डिंगवाला ती पितळ भरून नीट जोडू शकतो. जुन्या काळ्या सायकलींचे जोड कारखान्यातही पितळ भरूनच केलेले असायचे. हात बसलेला माणूस असला तर मला त्यात काही वावगं वाटत नाही. फक्त नळी पातळ असते हे त्याला आधी सांगा, ट्रॉलीचा अँगल जोडायचा मोठा आर्क लावला तर जोडायच्या जागी भोक पडतं.

अ‍ॅल्युमिनियमची गोष्ट निराळी आहे. त्याच्या अंगावर ऑक्साइडचा एक पातळ थर असतो. तो दोन हजार अंशांच्या वर वितळतो आणि आतला धातू साडेसहाशेच्या आतच. त्यातून अ‍ॅल्युमिनियम वितळण्याआधी लोखंडासारखं लाल होत नाही. गॅसचा बंबा घेऊन बसलेल्या माणसाला काही दिसायच्या आत नळी गळून पडते. म्हणून यासाठी आर्गन वेल्डिंग, म्हणजे आर्गन वायूच्या आवरणात विजेनं केलेलं वेल्डिंग, लागतं. ते नागपूरजवळ हिंगणा-बुटीबोरीत होतं, अमरावतीच्या एमआयडीसीकडेही होतं. ‘आर्गनवाल्यानं करून देल्ली, मस्त झाली’ असं सांगणारे भेटतात, आणि जोड खरोखर मस्त दिसतोही.

पण वर सांगितलेली भट्टी आठवा. वेल्डिंगची उष्णता लागली की जोडाच्या दोन्ही बाजूंचा पट्टा नरम पडतो, त्याची ताकद बरीच उतरते. ती परत आणायची तर अख्खी फ्रेम पुन्हा ५३० अंशांवर न्यायची, बुडवायची, तासन् तास शेकायची, आणि या सगळ्यात ती वाकडी होऊ द्यायची नाही. दोनशे रुपयांत तर सोडाच, आपल्या अख्ख्या जिल्ह्यात हे कोणी करून देणार नाही. म्हणून टाका मारलेली फ्रेम टाक्यावर तुटत नाही, त्याच्या शेजारी तुटते. लोक म्हणतात, ‘पाहा, जोड किती पक्का होता!’

कॅरिअरचा कान तुटला, स्टँडची पट्टी निघाली, तर आर्गननं जोडायला माझी हरकत नाही. हँडलच्या नळीचा जोड तुटलेली अ‍ॅल्युमिनियम फ्रेम मात्र जोडून परत चालवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. चिखलदऱ्याहून परतवाड्याकडे उतरताना पुढचं चाक फ्रेमपासून सुटलं तर ब्रेक कितीही चांगले असून उपयोग नाही.

वॉरंटीबद्दल दोन टोकांचे गैरसमज आहेत. मेसेज म्हणतो काहीच मिळत नाही. त्याला उत्तर देणारा कोणीतरी ग्रुपवर म्हणतो, लाइफटाइम आहे म्हणजे नवी सायकल मिळते. दोन्ही चूक. सर्वसाधारणपणे फ्रेमची वॉरंटी पहिल्या खरेदीदारालाच असते, आणि ती धातू किंवा कारागिरीतल्या दोषासाठी असते. पडणं, धडक, जादा वजन, उड्या मारणं, रंग उडणं, गंज हे तिच्यात धरत नाहीत. नागपूरहून कोणाची वापरलेली सायकल घेतली असेल तर वॉरंटी सहसा तुमच्यापर्यंत येत नाही. दावा मंजूर झाला तरी मिळते ती नुसती फ्रेम. जुना रंग बंद झाला असेल तर दुसरा रंग येतो. जुने भाग काढून नव्या फ्रेमवर चढवायची मजुरी बहुधा आपल्यालाच द्यावी लागते. दावा नाकारला तरी काही कंपन्या नवी फ्रेम सवलतीत देतात, तेही विचारून घ्यावं.

यासाठी लागतं काय? पक्कं बिल, ज्याच्या नावावर सायकल घेतली त्याच्याच नावाचं. ‘बिलाचं काय काम आहे भाऊ, मी बसलोच आहो ना इथं’ असं दुकानदार म्हणतो. दुकानदार बसलेला असतो, पण कंपनीला कागद लागतो. बिल न देणं ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापार प्रथा मानली आहे, हे त्याला हसत सांगायला हरकत नाही. दुसरं, फ्रेम नंबर. तो बहुतेक वेळा पायडलच्या कांड्याखाली, म्हणजे पायडलचा आस ज्यातून जातो त्या आडव्या नळीखाली, ठोकलेला असतो. सायकल नवी असतानाच उलटी करून त्याचा फोटो काढून ठेवा, नंतर चिखलानं आणि गंजानं तो वाचता येत नाही. तिसरं, तड्याचे फोटो: लांबून अख्खी सायकल, जवळून तडा, आणि नंबर.

तडा रंगाला आहे की धातूला, हे कळत नसेल तर जागा ओल्या फडक्यानं पुसून कापसाचा धागा त्यावरून हलकेच ओढा. धातू चिरला असेल तर तो बहुधा अडकतो. रंग खरवडायचा नाही, पॉलिश पेपर मारायचा नाही, तुकडे एकमेकांत बसवून पाहायचे नाहीत.

ते का, तर तुटलेला भागच सांगतो तो कसा तुटला. हळूहळू वाढलेला तडा गुळगुळीत दिसतो, त्यावर कधी कधी लाटांसारख्या रेषा असतात, आणि शेवटी एकदम तुटलेला भाग खरखरीत, चकचकीत असतो. धडकेत गेलेली फ्रेम निराळीच ओळखू येते: हँडलमागे खालच्या नळीला सुरकुती पडलेली असते. वेल्ड आतपर्यंत गेलाच नसेल तर तेही उघड्या कडेवर दिसतं. कंपनीचा माणूस फोटोत हेच शोधतो. टाका मारला की हे सगळं वितळून जातं, आणि ‘फेरफार केला तर वॉरंटी नाही’ असं कलम वॉरंटीच्या अटींत बहुधा असतंच.

मुंबईला जावं लागतं हे तर साफ खोटं आहे. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करता येतो. त्यानं भागलं नाही तर तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात करता येते, ऑनलाइनही करता येते. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, वकील सक्तीचा नाही. तक्रार करायची मुदत दोन वर्षांची. दुकानदार आणि कंपनी, दोघांनाही सामनेवाले करा, म्हणजे तक्रार दोघांच्याही विरुद्ध करा. निकालाला वेळ लागतो, ते मी लपवत नाही. पण दोष तपासणीशिवाय ठरत नसेल तर आयोग वस्तू सील करून प्रयोगशाळेत पाठवू शकतो. म्हणजे इथेही ती न जोडलेली फ्रेमच उपयोगी पडते. नवी घेतली तरी जुनी निकाल लागेपर्यंत भंगारवाल्याला देऊ नका.

राहिली ऑनलाइन फ्रेम. सगळ्या सारख्या नसतात. सीटचा दांडा २७.२ मिलिमीटरचा असेल आणि नळी ३१.६ ची आली तर तो आत खुळखुळेल. कांड्याची रुंदी ६८ की ७३, मागचा हब (चाकाचा मधला तुंबा) १३५ चा की १४२ चा, हँडलची नळी सरळ की खाली रुंद होत जाणारी, डिस्क ब्रेकचे कान आहेत की नाहीत, चाक २६ चं की २९ चं, एवढं जुळलं तरच जुने भाग चढतात. मेकॅनिककडून ही मापं कागदावर लिहून घ्या आणि विकणाऱ्याला तीच मापं लेखी विचारा. त्याचं उत्तर नुसतं ‘फिट होते’ एवढंच आलं तर ती फ्रेम घेऊ नका.