"इंग्रजांनी बांधलं" हे वाक्य आता पुरे

गेल्या रविवारी आम्ही कॉलेजचे चौघे जण सकाळी सातला सीएसएमटीला भेटलो. तिथून गेटवेपर्यंत पायी आणि पुढे लाँचने मांडव्याला जाऊन परत, असा बेत होता. मी डोंबिवलीची. बावीस वर्षं रोज याच स्टेशनात उतरते, पण पाय कायम घाईत आणि नजर इंडिकेटरवर. त्या दिवशी पहिल्यांदा रस्ता ओलांडून समोरच्या फुटपाथवर शांत उभी राहिले आणि मान वर केली.

शेजारी उभा असलेला मित्र म्हणाला, "काय बांधून ठेवलंय गं इंग्रजांनी!"

हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलेय, स्वतःही शंभर वेळा म्हटलंय. ही पोस्ट त्या वाक्यासाठीच आहे.

आराखडा फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सचा, हे खरंच. 1878 मध्ये काम सुरू झालं आणि दहा वर्षं चाललं. पण नक्षी बघा. ती कोरली जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांनी. एका कमानीत मोर आहे, पिसारा फुलवलेला. तो दगडाचा आहे हे क्षणभर विसरायला होतं. ज्याने पावसाळ्यात मोर नाचताना पाहिलाय त्याच्याच हातून असा मोर उतरतो, असं मला ठामपणे वाटतं. फाटकाच्या खांबांवर एकीकडे सिंह, दुसरीकडे वाघ. सिंह त्यांचा, वाघ आपला. आणि दर्शनी भिंतीवर रेल्वे कंपनीच्या संचालकांचे चेहरे आहेत, त्यात पगडी घातलेले नाना शंकरशेट. मैत्रिणीने मोबाइलवर झूम करून दाखवले तेव्हा आम्ही चौघेही गप्प झालो. बावीस वर्षं मी त्यांच्या खालून जात होते.

स्टीव्हन्सच्या हाताखाली या कामावर सीताराम खंडेराव वैद्य नावाचे गृहस्थ होते. नाव लक्षात ठेवा, पुढे परत येणार आहे.

फाउंटन, हुतात्मा चौक करत ओव्हलवर पोचलो. मैदानाच्या मधोमध उभं राहायचं. एका हाताला हायकोर्ट आणि विद्यापीठ, टोकदार कमानी, काळापिवळा दगड. दुसऱ्या हाताला 1930च्या दशकातल्या गोलसर बाल्कन्यांच्या आर्ट डेको शैलीतल्या इमारती. मध्ये पोरांचं क्रिकेट. 2018 मध्ये युनेस्कोने या परिसरातल्या 94 इमारती जागतिक वारसा यादीत घेतल्या. विद्यापीठाच्या राजाबाई टॉवरचा आराखडा करणारा गिल्बर्ट स्कॉट मुंबईत कधी आलाच नाही, लंडनहून कागद पाठवले. पैसे दिले प्रेमचंद रायचंद यांनी, नाव त्यांच्या आईचं. टॉवरवर पश्चिम भारतातल्या निरनिराळ्या जातीजमातींची माणसं उभी आहेत, आपापल्या पागोट्या-पोशाखात. ते पुतळे घडवले रावबहादूर मुकुंद रामचंद्र यांनी. मग सांगा, हा टॉवर कोणी बांधला?

आणखी एक मनापासून सांगते. हेरिटेज वॉक म्हणजे इंग्रजी बोलणाऱ्यांचं काम, असं आपण का धरून चाललोय? आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढ्यांनी हा दगड वाहिला, फोडला, घडवला. या भिंतींबद्दल घरात मराठीत बोलणं व्हायला हवं, पोरांना हात धरून दाखवायला हवं.

दुपारी लाँच. वरच्या डेकचे जास्तीचे पैसे द्या, अजिबात मागेपुढे पाहू नका. सीगलचा थवा मागे लागला होता, लोक गाठ्या उडवत होते. धक्का सुटला आणि पाचेक मिनिटांत मुंबईचं तोंड दिसायला लागलं. रस्त्यावरून इमारतीचा तुकडा दिसतो. आख्खी इमारत दिसायला पाणी लागतं. गेटवे हळूहळू लहान होत जातो आणि त्याच्या बाजूने ताज हॉटेल मोठं होत जातं.

शेजारच्या बाकावर कुणीतरी ती नेहमीची कथा सांगत होतं. ताज उलटा बांधला गेला, म्हणून आर्किटेक्टने जीव दिला. साफ खोटं आहे हे. दार शहराच्या बाजूला ठेवलं होतं ते ठरवून. ताज उघडला 1903 मध्ये, समोरचा गेटवे पुरा झाला 1924 मध्ये, म्हणजे ताज बांधताना समोर गेटवे नव्हताच. आणि ज्याने जीव दिला म्हणतात तो माणूस कोण? ताजचा आराखडा केला सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांनी. तेच सीताराम खंडेराव. काम अर्धवट असताना वैद्य आजाराने गेले आणि डब्ल्यू. ए. चेंबर्स या इंग्रज इंजिनिअरने ते पुरं केलं. ज्या माणसाने मुंबईला तिचा चेहरा दिला, त्याच्या वाट्याला आपण एक खोटी आत्महत्या दिली. मला याचा खरंच त्रास होतो.

संध्याकाळी परत येताना ऊन ताजच्या मागे गेलं होतं. खिडक्या, रंग काही दिसत नव्हतं, फक्त मधल्या मोठ्या घुमटाची कड उरली होती. सकाळी सीएसएमटीच्या घुमटाकडे मान मोडेपर्यंत बघितलं होतं, त्यामुळे ती लगेच ओळखीची वाटली. आमच्या पुढच्या बाकावर सात-आठ वर्षांचा एक मुलगा आईला विचारत होता, तो महाल कोणी बांधला?

आई काही बोलायच्या आत आमचा मित्र, सकाळी "इंग्रजांनी" म्हणणारा तोच, पुढे वाकून म्हणाला, "बाळा, तो आख्खा महाल दिसतोय ना? त्याचा आराखडा वैद्यांचा. सीताराम खंडेराव वैद्य."