समाधान की सामान: एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई,

तुमची प्रतिक्रिया आली तेव्हा आमच्याकडे तूर काढणं चालू होतं. उत्तराला नऊ दिवस लागले. त्यातले चार कामात गेले, बाकीचे लाजेत.

ज्यांनी मूळ लेख वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. बाबांना जाऊन वर्ष होत आलं म्हणून मागच्या महिन्यात मी त्यांच्या शेवटच्या सहा महिन्यांवर लिहिलं होतं. खर्ऱ्यानं, म्हणजे तंबाखू-सुपारीच्या मिश्रणानं, जबडा खाल्ला, नागपूरच्या डॉक्टरांनी "आता घरी न्या" म्हणून सांगितलं, आणि बाबा ओसरीतल्या बाजेवर पडून राहिले. मरण समोर येऊन बसलं की आपण कशासाठी जगलो हे माणूस शोधतो, आणि ज्याला ते गवसतं तो शांत जातो, असं माझं म्हणणं होतं. आधाराला विनोबा घेतले, बाबा आमटे घेतले. शेवट केला तो बाबांनी नातीच्या पाटीवर लिहिलेल्या शब्दानं: समाधान.

त्यावर तुम्ही लिहिलंत: "हे सगळं बाजेवर मरणाऱ्याचं झालं. माझा भाऊ २०१७ च्या फवारणीत गेला. २९ वर्षांचा होता. दुपारी चक्कर आली, तर पंप रिकामा करून त्यानं निंबावर वर अडकवला, पोरं हात लावतील म्हणून, अन् धुऱ्यावर बसला. संध्याकाळपासून शुद्ध नाही. चौथ्या दिवशी घरी आणला. त्याले कोणता हेतू सापडला ते सांगा. ज्याच्यापाशी वेळ असते त्याचे हे चोचले आहेत."

चोचले हा शब्द लागला. लागायलाच हवा होता.

विनोबांचं उदाहरण मी मागे घेतो. नोव्हेंबर १९८२ मध्ये पवनारच्या आश्रमात त्यांनी अन्न, पाणी, औषध सगळं नाकारलं आणि आठवड्याभरात, १५ तारखेला, दिवाळीत गेले. वय ८७. भोवती आश्रमातली माणसं, खाली धाम नदी. जायचं कधी हे त्यांनी ठरवलं होतं. तुमच्या भावाला कोणी विचारलं नव्हतं. ही दोन मरणं एका कागदावर मांडताना माझा हात अडायला हवा होता.

बाबा आमट्यांचं मात्र मी मागे घेत नाही, उलट सांगतो. वरोऱ्याची ती गोष्ट आपल्याकडे शाळेपासून ऐकवतात. पावसात गटाराकाठी पडलेला, कुष्ठरोगानं झडलेला तुळशीराम, त्याला बघून पळालेले बाबा, मग स्वतःच्याच भीतीची शरम वाटून परत आलेले आणि त्याच्यावर तट्ट्याचा आडोसा करणारे. त्यातून पुढे १९४९ ची महारोगी सेवा समिती, मग आनंदवन. मी लिहिलं की मरणाच्या दर्शनानं आयुष्याला दिशा मिळते. मिळाली, पण कोणाला? बघणाऱ्याला. तुळशीराम गेला. त्याला काय सापडलं हे आजवर कोणी विचारलं नाही, मीही नाही. मरणाऱ्याच्या नावावर आपण जे खपवतो ते बहुतेक वेळा उशाशी बसलेल्याचं असतं. माझ्या लेखात तेच झालं होतं, आणि ते तुम्ही बरोबर पकडलंत.

(आमच्याकडे मयतीत हमखास कोणीतरी गाडगेबाबांचं काढतो. मुलगा गेल्याचं कीर्तनात कळलं तेव्हा, कोट्यवधी गेले तिथं एकासाठी काय रडू, अशा अर्थाचं बाबा बोलले म्हणतात. ते स्वतःच्या पोराबद्दल बोलले होते. दुसऱ्याच्या बाईला रडू न देण्यासाठी ते वापरणाऱ्याला उठवून बाहेर बसवावंसं वाटतं.)

एका जागी मात्र मी तुमच्याशी भांडणार आहे. हेतू हे वेळ असणाऱ्याचे चोचले, असं तुम्ही म्हणता. पण पंपाचं ते वाक्यही तुम्हीच लिहिलंत. मी ते रोज वाचतोय. फवारणीचा पंप मी पाठीवर घेतला आहे. भरला की पट्टे खांद्यात रुततात आणि जरा मळमळलं तरी पहिली ऊर्मी तो फेकून द्यायची होते. डोळ्यापुढे अंधारी येत असताना एक माणूस पट्टे सोडतो, पंप उलटा करतो, निंबाखाली जातो आणि पोरांचा हात पोचणार नाही अशी फांदी बघतो. मग बसतो. त्याला हेतू शोधायला वेळ मिळाला नाही हे खरं. शोधायला लागेल इतका तो त्याच्यापासून दूर होता, हे मला पटत नाही.

पण हे मी त्याच्या जगण्याबद्दल बोलतोय. त्याच्या मरणात काही अर्थ होता, असं मी म्हणणार नाही आणि कोणाला म्हणू देणार नाही. त्या साली पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, डोक्याच्या वर गेली होती. एरवी कंबरेखाली मारायचं औषध तोंडासमोर मारावं लागत होतं, तेही दोन-दोन मिसळून, नाकाला दुपट्टा बांधून. यवतमाळ जिल्ह्यात त्या एका हंगामात वीसच्या वर माणसं गेली आणि शेकडो दवाखान्यात पडली. ही मरणं टळण्यासारखी होती. "त्याची वेळ आली होती" असं एकदा म्हटलं की औषध विकणारा सुटतो, सल्ला देणारा सुटतो आणि तपासायला न आलेलाही सुटतो. मी लेखात मरणाला जो गोडवा लावला तो यांच्याच कामाचा आहे, हे तुमची प्रतिक्रिया वाचेपर्यंत माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

आता कबुली. तिच्यासाठीच खरं तर हे उत्तर लिहायला बसलो.

शेवटच्या दोन महिन्यांत बाबांना बोलता येत नव्हतं. माझ्या मुलीची दुसरीतली पाटी त्यांच्या उशाशी असायची. लेखात मी तीवरचा एकच शब्द दिला. बाकीचे गाळले. पाटीवर सगळ्यात जास्त वेळा काय होतं सांगू? "दुखते". त्याच्या खालोखाल "लाईन". ओलिताची लाईन, म्हणजे वीज, आमच्याकडे रात्रीची. मी हरभऱ्याला पाणी द्यायला गेलो की नाही, मोटर चालू झाली की नाही, हे त्यांना पडल्या पडल्या हवं असायचं. एकदा "कितवं पाणी", एकदा "फरदड ठेवू नको" (फरदड म्हणजे वेचणी संपल्यावरही उभी ठेवलेली कपाशी). माझ्या आयुष्याचं काय झालं, मी कशासाठी आलो होतो, असलं त्यांनी काही लिहिलं नाही. मी वाट बघत होतो. रात्री दोनला शेतातून येऊन, बॅटरी मारून आधी पाटी बघायचो, मग हात धुवायचो.

शेवटच्या दिवशी अक्षर पार गेलं होतं. स, मग म, मग एक आडवी रेघ आणि शेवटी न सारखं काहीतरी. मी मोठ्यानं वाचलं, "समाधान". सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. आई तेवढी म्हणाली, "समाधान कायले लिहीन तो? सामान लिहिलं त्यानं, सामान. पाइप वावरातच पडेल हायेत ना."

स्प्रिंकलरचे पाइप. त्या आठवड्यात दवाखाना आणि घर करण्यात ते उचलून आणायचे राहिले होते, आणि आमच्या शिवारात पाइप रात्रीतून जातात.

हे मला लेख लिहिताना माहीत होतं. "सामान" लिहिलं असतं तर लेखाला शेवट मिळाला नसता. म्हणून माझा शब्द ठेवला. आता तो काढून आईचा घातला आहे, बाबा आमट्यांचा परिच्छेद दुरुस्त केला आहे आणि विनोबांचा पुसला आहे. तुमची प्रतिक्रिया आहे तिथेच राहील. तुमच्या भावाच्या पंपाबद्दल मी तुम्हाला न विचारता इतकं लिहिलं. नको असेल तर एक ओळ टाका, काढतो.

तेरवीच्या दुसऱ्या दिवशी मी वावरात जाऊन पाइप मोजले होते. चोवीस हवे होते, बावीस भरले. घरी येऊन आईला सांगितलं. ती तूर पाखडत होती.

"पाह्य," ती म्हणाली, "सांगत नव्हता काय तुहा बाप?"