मामांच्या दुकानातले बारा फोकस

‘दुकानात लाइट लावताय? आधी हे वाचा’ हा मेसेज सोलापुरातल्या व्यापाऱ्यांच्या ग्रुपांवर दिवाळीपासून फिरतोय. फिरेना का, म्हणून सोडून दिला होता. पण तो नवी पेठेत माझ्या मामांपर्यंत पोचला आणि त्यांनी दुकानात 10 डिग्रीचे (डिग्री म्हणजे झोत पसरतो तो कोन) बारा फोकस लावून घेतले, त्यातले अकरा चादरींच्या मांडणीवर! कारण मेसेज सांगतो, ‘डिग्री जितकी कमी तितका उजेड जास्त, सगळीकडे 10 डिग्रीच घ्या.’

उजेड जास्त, हे अर्धं खरं. तेवढाच प्रकाश लहान जागेत कोंबला की मध्यभाग लखलखणारच. पण केवढा? मांडणी फोकसपासून सात फुटांवर आहे. तिथे 10 डिग्रीचा झोत जेमतेम सव्वा फुटाचा पडतो. 24 चा तीन फूट, 36 चा साडेचार, 60 चा आठ. चादर पाच फूट रुंद. म्हणजे मयूरपंखी चादरीचं एक मोरपीस झळकतं आणि बाकी चादर मळकी दिसते. गिऱ्हाईक ती उचलून दाराशी नेतं, उन्हात रंग बघायला. मामा विचारतात, “अरे, वॅट वाढवू का?” वाढवा, ठिपका आणखी डोळ्यांत घुसेल, रुंद मात्र व्हायचा नाही.

मेसेजमधलं ‘डिग्रीच्या बाहेर उजेड शून्य’ हेही चूक. रिफ्लेक्टर दिव्यांच्या (मागच्या चकचकीत वाटीने प्रकाश पुढे फेकणाऱ्या) मोजणीसाठीच आयईसी या विजेच्या उपकरणांची मानकं ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेचा 61341 क्रमांकाचा दस्तऐवज आहे. त्यात झोताची तीव्रता मधल्यापेक्षा निम्मी होते तिथपर्यंतचा कोन मोजतात. त्यापलीकडेही उजेड असतो, मंद होत जाणारा.

पार 38 हा रिफ्लेक्टर दिव्याचा एक प्रकार; ‘पार 38 म्हणजे 38 डिग्री’ हे कुठून काढलं देव जाणे. ते 38 म्हणजे इंचाचे आठवे भाग, पावणेपाच इंच तोंडाचा दिवा. तो अरुंद झोताचाही मिळतो, पसरटही. या न्यायाने तेरा नंबरचा पाना तेरा किलोचा हवा.

‘एलईडीने रंग उडत नाही’: अतिनील किरण जवळपास नसतात, मान्य. पण दिसणाऱ्या उजेडानेही कच्चा रंग उतरतो, आणि असा ठिपका महिनोन्‌महिने एकाच घडीवर असेल तर आधी तिथेच.

बारांपैकी एक फोकस मात्र योग्य जागी बसलाय. गल्ल्यामागच्या सिद्धेश्वरांच्या तसबिरीवर, दहा फुटांवरून पावणेदोन फुटांचा झोत, तसबीरही तेवढीच. उरलेले अकरा लाइटवाला दुकानदार परत घेत नाही म्हणतो. 36 डिग्रीच्या लेन्स बदलून मिळतात का, ते उद्या वायरमनला घेऊन बघायचंय.